हजेरीपटाबाहेरचे पूर्वज

३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट झाला आणि आयर्लंडचे सरकारी दफ्तर जळून गेले. यादवी नुकतीच पेटली होती. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्या आगीत गेले. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच पूर्वी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगद्याला गेले होते. बटाट्याच्या दुष्काळाने १८४५ नंतर दहा लाखांच्या आसपास माणसे मारली आणि जवळपास तितकीच देशोधडीला लावली. त्या माणसांच्या घरी मागे कोण राहिले, हे सांगणारी १९०१ पूर्वीची एकही देशव्यापी शिरगणती आज धड उरलेली नाही. चर्चच्या वह्या आणि जमीन-घरांच्या करआकारणीच्या याद्या तेवढ्या आहेत. त्यामुळे आयरिश कामगाराचा वंशज पणजोबांचा माग काढायला निघाला, की त्याला बरेचदा पणजोबा जिथे राबले त्या मुलखाची दफ्तरे धुंडाळावी लागतात.

असा एक मुलूख म्हणजे नागपूर-रायपूर लोहमार्ग. पोलाद कारखान्याचे भिलाई याच मार्गावर आहे.

नागपूरहून निघालेली छत्तीसगड स्टेट रेल्वेची मीटरगेज लाइन १८८२ मध्ये राजनांदगावला पोहोचली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाइन ताब्यात घेऊन रुंद केली आणि १८९१ मध्ये थेट आसनसोलला नेऊन भिडवली. गोंदिया, डोंगरगड, दुर्ग, रायपूर, बिलासपूर ही गावे तेव्हापासून एका दोरीत ओवली गेली. जुनी माणसे या रेल्वेला अजून बीएनआर म्हणतात. कंपनीच्या काळात मेल गाडीचा ड्रायव्हर, गार्ड, लोको शेडचा फोरमन, रुळांचा इन्स्पेक्टर या जागा बहुतांशी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसांकडे असत. खलाशी, पॉइंट्समन, गँगमन एतद्देशीय.

आयरिश माणूस या जागांवर यायचा तो बहुधा पलटणीच्या वाटेने. १८५७ पूर्वीच्या पाव शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत भरती झालेल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याच्या घरात आयरिश होते. नोकरीची मुदत संपली की काही जण मायदेशी परतत, काही इथेच रेल्वेत लागत. किपलिंगच्या १९०१ च्या ‘किम’ कादंबरीतला नायक अशाच घरातला: बाप आयरिश पलटणीतला सार्जंट, पुढे सिंध-पंजाब-दिल्ली रेल्वेत नोकरीला लागलेला, आणि पलटण त्याला मागे ठेवून निघून गेलेली. अनाथ पोराच्या गळ्यातल्या ताइतात तीन कागद शिवलेले असतात. दोन बापाच्या फ्रीमेसन मंडळाचे, तिसरा पोराचा जन्मदाखला. त्या कागदांवरून त्याचे कुळ ठरते आणि आयुष्याची दिशा बदलते. कथा कल्पित असली, तरी रेल्वे वसाहतीतल्या गोऱ्या-निमगोऱ्या घरांत जन्मदाखल्याला किती मोल होते हे किपलिंगने अचूक टिपले आहे.

असा दाखला मुळात येतो कुठून? रेल्वे वसाहतीत मूल जन्मले की ते पाळकाकडे बाप्तिस्म्याला न्यायचे. वहीच्या एकाच ओळीत सारे बसते: बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा, पाळकाची सही. धंद्याच्या रकान्यात ‘इंजिन ड्रायव्हर’ असते. पुढच्या अपत्याच्या वेळी तोच बाप फोरमन झालेला दिसतो आणि गावही बदललेले असते. तीन-चार मुलांच्या ओळी एकाखाली एक ठेवल्या की बढत्या आणि बदल्या दोन्ही उलगडतात. या वह्यांच्या नकला लंडनच्या इंडिया ऑफिसला जात. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या त्या नोंदी आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. विलायतेतून नेमलेल्या रेल्वे नोकरांचे कागदही तिथेच. नागपूरच्या अँग्लिकन धर्मप्रांताचा १९०३ मधला पहिला बिशप एअर चॅटर्टन स्वतः आयरिश होता. कॉर्क काउंटीत जन्मलेला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला, आणि पुढे गोंडवनाच्या इतिहासावर पुस्तक लिहिणारा. आयरिश कामगार कॅथलिक असला, तर नागपूरच्या फ्रेंच मिशनऱ्यांच्या वहीत त्याचे नाव लॅटिन रूपात सापडण्याची शक्यता अधिक. तिथे जेम्सचा ‘जाकोबुस’ होतो. हे ठाऊक नसलेला शोधक समोरचे पान उलटून पुढे जातो.

एवढे कागद पाहिले की वाटते, साम्राज्याने आपल्या कामगारांची किती काळजी घेतली! पण वही नीट वाचावी. वडिलांचे नाव, आडनाव, हुद्दा सारे काही असते. आई इथली असली, तर तिचे बाप्तिस्म्यानंतरचे नाव तेवढे उरते. तिचे माहेर, तिची भाषा, तिचे आईबाप यांना वहीत रकानाच नाही. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा बेअर यांनी २००७ च्या ‘लाइन्स ऑफ द नेशन’ या ग्रंथात बीएनआरच्याच खरगपूर वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन घरांचा अभ्यास केला आहे. युरोपियन पूर्वजाचा कागद हाती असणे किंवा नसणे यावर नोकरीपासून स्वतःच्या ओळखीपर्यंत किती गोष्टी लोंबकळत, हे त्यात सविस्तर येते. वंशावळीच्या शोधाला तिथे पोटापाण्याची निकड होती.

आणि रुळाखालची माती कोणी उचलली? भारतभर रेल्वेच्या मातीकामावर वडार समाजाच्या टोळ्या होत्या, दुष्काळाने हलवलेले शेतकरी होते, बाया-पोरे होती. १८६१ च्या सुमारास एकट्या बोरघाटाच्या कामावर बेचाळीस हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी राबत होती. त्यांचा आकडा राहिला, कारण ठेकेदाराला मजुरी मोजावी लागे. नावे राहिली नाहीत, कारण कंपनी मजुरी चुकती करी ती मुकादमाच्या हाती. कामगाराचे नाव आणि मालकाचे दफ्तर यांच्यामध्ये जो ठेकेदार उभा असतो, तोच बहुतेकदा वंशावळीतला तुटलेला दुवा असतो.

याला कातडीच्या रंगाचा भेद कारण, असे म्हणून भागत नाही, कारण अमेरिकेत हीच गत खुद्द आयरिशांची झाली. १८३२ च्या जूनमध्ये ‘जॉन स्टॅम्प’ नावाचे जहाज डेरीहून फिलाडेल्फियाला आले. त्यातले मजूर फिलिप डफी या ठेकेदाराने पेनसिल्व्हेनियातल्या एका रेल्वेच्या कामावर नेले. तो स्वतःही आयरिशच. ऑगस्टमध्ये पटकी आली आणि ५७ मजूर संपले. त्यांना भरावाशेजारीच पुरले. रेल्वे कंपनीची या प्रकरणाची फाइल पुढे कंपनीच्या एका जुन्या कर्मचाऱ्याच्या घरी राहिली आणि त्याच्या नातवांच्या, विल्यम आणि फ्रँक वॉटसन या भावांच्या, हाती आली. दोघे मिळून खोदायला लागले आणि २००९ मध्ये मानवी अवशेष मिळाले. काही कवट्यांवर मारहाणीच्या खुणा होत्या, म्हणजे सगळेच पटकीने मेले नव्हते. एका सांगाड्याच्या वरच्या जबड्यात एक दाढ जन्मतःच उगवली नव्हती. जहाजाच्या यादीतला डोनेगल काउंटीचा अठरा वर्षांचा जॉन रडी तो हाच असावा, असे त्या दाढेवरून मानले गेले. आयर्लंडमधल्या रडी कुळात हेच दंतवैगुण्य आढळले होते. २०१३ मध्ये त्याला डोनेगलमधल्या अर्डरा गावी माती देण्यात आली.

हाच आयरिश माणूस हिंदुस्थानात वहीच्या आत असतो आणि पेनसिल्व्हेनियात वहीच्या बाहेर. इथे तो साम्राज्याचा नोकर होता, तिथे ठेकेदाराचा मजूर. कामगाराच्या घराण्याचा इतिहास लिहायचा तर आधी हे विचारायला हवे, की त्याचा पगार नेमका कोणाच्या हातून येत होता.

भिलाईत हा प्रश्न जुना झालेला नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत-सोव्हिएत करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. १९६० पासून इथल्या रेल मिलमध्ये देशाच्या रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. कायम कामगाराला टोकन नंबर, सर्व्हिस बुक, सेक्टरमधले क्वार्टर, सेक्टर ९ चे हॉस्पिटल. त्याचा प्रत्येक श्वास कुठेतरी नोंदलेला. कारखान्याच्या दल्ली-राजहरा इथल्या खाणीत लोहखनिज फोडणारे हजारो मजूर मात्र ठेकेदाराचे. १९७७ मध्ये त्यांची संघटना बांधणारे शंकर गुहा नियोगी याच कारखान्यात काम केलेले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांचा खून झाला. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ ला, भिलाईच्या खासगी कारखान्यांतले कामगार पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसले असता पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार मेले. त्यांची स्मृती सोबत्यांनी जपली. दर वर्षी १ जुलैला तिथे सभा होते. ठेकेदाराच्या वहीवर ते विसंबून राहिले असते, तर दोन पिढ्यांत हे लोकही नुसता आकडा होऊन बसले असते.

बीएनआरच्या कामगार चळवळीला आयर्लंडचा एक धागाही आहे. डब्लिनमध्ये १९१३ ते १९१६ कायदा शिकलेले आणि ईस्टरच्या उठावानंतर तिथून परतावे लागलेले व्ही. व्ही. गिरी रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनच्या संस्थापकांपैकी. १९२८ मध्ये नोकरकपातीविरुद्ध बीएनआरचा संप त्यांनीच चालवला. आयरिश ड्रायव्हरच्या नातवाला बाप्तिस्म्याच्या वहीत या संपाचा मागमूस लागणार नाही. तो शोधायचा तर युनियनच्या ठरावांत आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत.

मराठी घरांनी यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडात आलेली घराणी वेगळी; त्यांच्याकडे सनदा आणि वतनाचे कागद असतात. पण गोंदिया, भंडारा, नागपूरकडून रेल्वेत किंवा पोलाद कारखान्यात लागलेल्या माणसाचे घराणे कुलवृत्तांतात फार तर ‘भिलाईस नोकरी’ एवढ्या दोन शब्दांत आटोपते. तीर्थोपाध्यायांच्या वहीत नावे येतात, काम येत नाही. लेकीसुना दोन्हीकडे गळतात. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात, होते. गोंदियाहून दुर्गला जाणे म्हणजे परप्रांतात जाणे नव्हतेच. राज्य पुनर्रचनेने हीच माणसे जागच्या जागी परप्रांतीय ठरली आणि कागद नागपूर, भोपाळ, रायपूर असे वाटले गेले. रेल्वेचेही तेच. बीएनआर १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे झाली, २००३ मध्ये बिलासपूरला नवी झोन आली. आजोबांनी एकच नोकरी केली तरी त्यांचे कागद निरनिराळ्या दफ्तरांत शोधावे लागतात, आणि मुदत संपलेल्या फाइली कार्यालये रद्दीत काढतात.

म्हणून काम आत्ताच करायला हवे, आणि त्याची सुरुवात सरकारी दफ्तरापासून नको. निवृत्तीच्या वेळी मिळालेली कागदपत्रे, रेल्वे पास, मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका, शाळेचा दाखला, खाणीतल्या ठेकेदाराने दिलेली एखादी चिठ्ठी, युनियनच्या वर्गणीची पावती या साऱ्यांचे फोटो काढून त्यांवर तारीख आणि नाव घालावे. घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला, विशेषतः आजीला, विचारावे: गाडीतून कोणत्या स्टेशनावर उतरलात, सोबत गावचे कोण होते, पहिला मुकादम कोण, त्याच्याकडे कोणी लावून दिले, शेजारच्या झोपडीत कोण राहायचे, आणि त्यांचे पुढे काय झाले. शेवटचे दोन प्रश्न टाळू नयेत. आपल्या घराला क्वार्टर मिळाले आणि शेजाऱ्याला नाही, हाही आपल्याच घराण्याच्या इतिहासाचा भाग आहे. त्या शेजाऱ्याचे नाव आज आजीच्या तोंडी आहे, आणि बहुधा दुसरीकडे कुठेही नाही.