नवस आणि संहिता

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, आल्प्सच्या पायथ्याशी ओबरआमरगाऊ नावाचे एक गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या थोडी वर. सन २०३० मध्ये या गावाला आपल्या प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक पुन्हा रंगमंचावर आणायचे आहे. व्यावसायिक नट एकही नाही. लाकडावर कोरीवकाम करणारे, शिक्षक, हॉटेलवाले, गृहिणी, शाळकरी मुले, सारे हौशी. आणि रंगमंचावर, वाद्यवृंदात, गायकवृंदात व पडद्यामागे मिळून त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात जाते. गावात जन्मलेल्यास अथवा तेथे वीस वर्षे राहिलेल्यासच प्रौढ भूमिकेचा हक्क. प्रयोगाच्या आदल्या वर्षी भस्म बुधवारी एक हुकूम निघतो, तो असा की, आजपासून केस व दाढी वाढू द्यावी. (रोमी सैनिकांना यातून सूट आहे, त्यांनी न्हाव्याकडे जायचे असते.) मधल्या वर्षांतही ही नाट्यशाळा ओस पडत नाही. तेथे २०१५ मध्ये वेर्दीची ‘नाबुको’ ही संगीतिका झाली, २०१८ मध्ये शिलरचे ‘विल्हेल्म टेल’. परंतु गावाचे सारे जीवन ज्याभोवती फिरते, ते नाटक दर दहा वर्षांनी येणारे एकच.

त्याचे मूळ एका नवसात आहे. तीस वर्षांच्या युद्धाने पोळलेल्या त्या मुलुखात १६३३ साली प्लेग आला. घरोघरी माणसे मरू लागली, तेव्हा गावाने देवाला वचन दिले की, आम्ही दुःखसहनाचे नाटक नेमाने करू. त्यानंतर गावात प्लेगने एकही मृत्यू झाला नाही, असे परंपरा सांगते. १६३४ च्या पेन्टेकॉस्टच्या सुमारास, नुकतेच पुरलेल्या आप्तांच्या थडग्यांवर मंच उभारून, पहिला प्रयोग झाला. पुढे १६८० पासून दशकाच्या आरंभीचे वर्ष ठरून गेले. काही वर्षे हुकली: १७७० मध्ये राजसत्तेची बंदी आली, १९४० मध्ये महायुद्ध आले, १९२० चा प्रयोग १९२२ वर गेला आणि २०२० चा, कोविडच्या साथीमुळे, २०२२ वर. साथीतून सुटका व्हावी म्हणून बोललेला नवस साथीमुळेच दोन वर्षे लांबावा, हा योग त्या गावकऱ्यांच्याही मनाला चाटून गेला असेलच.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पूर्वजांनी बोललेला नवस वंशजांना कितपत बांधतो? आणि तो फेडताना जर तिसऱ्याच कुणावर घाव पडत असेल, तर नवस फेडणे हे पुण्य उरते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या कायद्यात सरळ आहे. नवस हा ज्याने बोलला त्यालाच स्वभावतः बांधतो. म्हणजे १६३३ च्या गावकऱ्यांचे ऋण २०३० च्या गावकऱ्यांवर कायद्याने चढत नाही. दर पिढी ते ऋण आपण होऊन, प्रेमाने अंगावर घेते. हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. कारण जे आपण होऊन स्वीकारले, त्याविषयी ‘आमच्या हातात काय होते, वाडवडिलांचे चालत आले’ असे म्हणण्याची सोय राहत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी जुन्या करारातील इफ्ताहाची आठवण करावी. विजय मिळाला तर घराच्या दारातून जे प्रथम भेटीस येईल ते अर्पण करीन, असे तो बोलून बसला. आणि दारातून आली त्याची एकुलती एक लेक. संत थॉमस अक्वायनस या प्रसंगाचा विचार करताना संत जेरोमचा आधार घेऊन म्हणतात, की नवस बोलताना इफ्ताह अविवेकी होता आणि फेडताना अधर्मी. नवसाचा विषय मुळात चांगला असावा लागतो. देवाला दिलेल्या शब्दाच्या आड लपून वाईट करता येत नाही.

ओबरआमरगाऊच्या नाटकात वाईट काय होते? वरवर पाहता काहीच नाही. शुभवर्तमानातीलच कथा, भक्तिभावाने सादर केलेली. पण संहितेचा इतिहास जरा निरखून पाहावा. १७५० साली एट्टालच्या मठातील बेनेडिक्टाइन संन्यासी फेर्डिनांड रोझनर यांनी जी पद्यसंहिता लिहिली, तीत प्रभूविरुद्ध कट रचणारे खरे सूत्रधार होते सैतान आणि त्याचे साथीदार: मत्सर, लोभ, पाप, मृत्यू. ही पात्रे मंचावर वावरत आणि माणसांच्या कानी लागत. पुढे काळ बदलला. बुद्धिवादाच्या वाऱ्यात शिंगे-शेपट्यांची भुते हास्यास्पद वाटू लागली. १८११ मध्ये त्याच मठातले ओथमार वाइस यांनी नवी गद्यसंहिता रचली आणि भुतांना रजा दिली. गावचे धर्मगुरू योझेफ आलोइस डाइझेनबेर्गर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तीवर हात फिरवला. भाषा साधी झाली, माणसे जिवंत झाली, गावच्या शिक्षकाने दिलेले संगीतही गोड. परंतु भुते गेल्यावर त्यांची जागा मोकळी राहिली नाही. तेथे यहुदी उभे राहिले. मंदिरातून हाकलले गेलेले व्यापारी सूडाने पेटतात, याजकवर्ग त्यांस सामील होतो आणि मग सारा जमाव एका सुराने गरजतो. जे पाप सैतान प्रत्येकाच्या कानात कुजबुजत होता, ते एका जमातीच्या पदरी बांधले गेले. कोणी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. रचनाकारांना नाटक अधिक मानवी करायचे होते, आणि तेच करताना हे घडले.

याचा परिणाम पुढे दिसला. १९३४ हे पहिल्या प्रयोगाचे तीनशेवे वर्ष. खास प्रयोग झाले. जर्मनीत नाझींची सत्ता येऊन वर्ष उलटले होते. त्या उन्हाळ्यात हिटलर स्वतः येऊन नाटक पाहून गेला. १९४२ मध्ये, यहुद्यांचा संहार चालू असताना, आपल्या मंडळींशी बोलताना त्याने या नाटकाची तारीफ केली. यहुदी धोका इतका पटवून देणारे दुसरे काही नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. प्रभूचे दुःखसहन पाहून एखाद्याला असे वाटावे, यापरते नवसाचे अपयश कोणते?

येथे एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो, आणि तो टाकाऊ नाही. गावकऱ्यांचा हेतू शुद्ध होता. आपल्या मुलीला मरियेची भूमिका मिळावी म्हणून माळेची प्रार्थना करणाऱ्या आईने कोणत्या यहुद्याचा द्वेष केला? आपल्या धर्मशिक्षणात कृतीची नैतिकता तोलताना तीन गोष्टी पाहण्यास सांगितले जाते: कृतीचा विषय, कर्त्याचा हेतू आणि परिस्थिती. हेतू निर्मळ असल्याने दोष हलका होतो हे खरे. पण परिणाम ठाऊक झाल्यावरही डोळे मिटून राहिले, तर अज्ञानाचा आधार संपतो. १९३० चा गावकरी कदाचित म्हणू शकला असता, ‘आम्हांला कल्पना नव्हती.’ आउश्वित्झनंतर तसे म्हणण्यास कोणालाही जागा उरली नव्हती. तरीही १९५० चे प्रयोग जवळजवळ जुन्याच शब्दांनी झाले.

मग १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र आले. प्रभूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, हे ख्रिस्तसभेने निःसंदिग्ध सांगितले. १९७० च्या प्रयोगांना धर्माधिकाऱ्यांची औपचारिक मान्यता मिळाली नाही. अमेरिकेतील यहुदी संस्थांनी बहिष्कार पुकारला. गाव दुभंगले. १९७७ मध्ये रोझनरची भुते पुन्हा मंचावर आणून एक प्रायोगिक सादरीकरण झाले, पण बहुसंख्यांनी ते नाकारले. आम्हांला आमचे आजोबा बोलले तेच शब्द हवेत, असा त्यांचा आग्रह. या आग्रहाची टिंगल करणे सोपे आहे. आपल्या गावी लग्नातले एखादे जुने गीत कोणी बदलू पाहिले तर काय होते, हे ज्याने अनुभवले तो ती करणार नाही.

बदल घडवला तो गावच्याच एका तरुणाने. ख्रिस्टियन श्ट्यूकल विशीत असतानाच दिग्दर्शक म्हणून निवडले गेले आणि १९९० पासून प्रत्येक मुख्य प्रयोगाची धुरा त्यांनी वाहिली आहे. त्याच वर्षी न्यायालयाने विवाहित आणि पस्तिशीपुढील स्त्रियांवरील बंदी उठवली. या बंदीचे समर्थन कोणत्या धर्मतत्त्वावर होत असे, हे एक कोडेच आहे. पुढे बिगरकॅथलिकांना व बिगरख्रिस्ती गावकऱ्यांनाही मंच खुला झाला. २०२२ मध्ये यूदासाची एक भूमिका तुर्की वंशाच्या मुस्लिम तरुणाने केली. संहितेतही येशू आता यहुदी म्हणून दिसतो: त्यास ‘रब्बी’ म्हणतात, तो हिब्रू प्रार्थना म्हणतो. जमाव एकसुरी राहिला नाही. त्यात प्रभूच्या बाजूने ओरडणारेही आहेत. आणि मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील ते वाक्य, ज्यात जमाव प्रभूच्या रक्ताचा दोष स्वतःवर व मुलाबाळांवर ओढवून घेतो, २००० सालापासून नाटकात नाही.

शुभवर्तमानातले वाक्य गाळण्याचा अधिकार गावास कोणी दिला, असे श्रद्धावंत मन विचारील. आम्हांस असे वाटते की, वेदीवरील वाचन आणि मंचावरील संवाद या दोन भिन्न गोष्टी आहेत. मंदिरात ते वाक्य वाचले जाते तेव्हा भोवती सारी उपासना असते; धर्मगुरू अर्थ सांगतात; झावळ्यांच्या रविवारी तर जमावाचे शब्द आपण भाविकच बोलतो, म्हणजे दोष आपण स्वतःकडे घेतो. नाटकात मात्र ते शब्द वेगळा पोशाख केलेली ‘ती माणसे’ बोलतात आणि आपण खुर्चीत बसून त्यांच्याकडे बोट दाखवतो. शब्द तेच असले तरी बोट कोणाकडे वळले, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्याकडेही तपःकाळात धर्मग्रामांतून दुःखसहनाची नाटके होतात. युरोपच्या पवित्र आठवड्यांत यहुदी वस्त्यांवर जे हल्ले झाले, तसे येथे कधी घडले नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल शतकानुशतके नांदले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांनी मराठीत कीर्तने रचली. १९४८ नंतर बहुतेक इस्राएलला गेले, आणि तेथेही त्यांच्या घरांतून मराठी ऐकू येते. परंतु आपल्या मंचावर कैफा येतो तेव्हा त्याचे नाक, त्याची दाढी, त्याचा खर्जातला कावेबाज आवाज कोठून येतो? अलिबागच्या तेल्यावरून तो घेतलेला नाही. तो युरोपातील चित्रांतून, चित्रपटांतून, आयत्या ठशांतून आला आहे. आणि ज्या शेजाऱ्याला आपण कधी दुखावले नाही, त्याचे व्यंगचित्र आपली मुले टाळ्यांच्या गजरात शिकतात. हे नाटक लिहिणाऱ्या व बसवणाऱ्या आपल्या मंडळींच्या भक्तीविषयी शंका नाही. मुलांना मंचावर उभे करणाऱ्यांनी पोशाखाची पेटी उघडताना एवढे पाहावे, इतकेच आमचे मागणे आहे.

ओबरआमरगाऊत प्रश्न मिटला असे कोणी समजू नये. याजकांचा सभागृहातील वाद किती तीव्र दाखवावा, पिलाताला किती क्रूर करावे, यावर यहुदी व ख्रिस्ती अभ्यासक अजून बोट ठेवतात, आणि दर प्रयोगाआधी संहिता पुन्हा उघडली जाते. २०३४ मध्ये पहिल्या प्रयोगाला चारशे वर्षे होतील. तेथे जमावाच्या दृश्यात शेकडो मुले असतात. आईबापांचा हात धरून ती मंचावर येतात आणि मोठ्यांबरोबर ओरडतात. काय ओरडायचे हे त्यांच्या हाती नसते. वीस-तीस वर्षांनी संहिता बदलण्याचा विषय गावापुढे येतो, तेव्हा मत देणारी तीच असतात.