दीर्घसूत्री

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 28



आजच्या श्लोकात भगवंत तामस कर्त्याची लक्षणं सांगतात. चित्त थाऱ्यावर नसलेला, ताठर, कपटी, दुसऱ्याच्या कामात खोडा घालणारा, आळशी... ही यादी वाचताना आपण निवांत असतो, कारण डोळ्यांसमोर दुसराच कुणीतरी येत असतो. शेवटी मात्र एक शब्द येतो आणि आपण सापडतो. दीर्घसूत्री. ज्याच्या कामाचा धागा लांबतच जातो तो. आजचं उद्यावर, उद्याचं सोमवारवर, सोमवारचं एक तारखेवर.

गंमत बघा, 'आळशी' हा शब्द श्लोकात आधी येऊन गेलाय. मग दीर्घसूत्री वेगळा कशाला? मला वाटतं, चालढकल करणारा माणूस बऱ्याचदा आळशी नसतोच. तो टेबल आवरतो, नवीन ॲप टाकतो, रंगीत पेनांनी टाइमटेबल आखतो. फक्त जे करायचं असतं, तेवढं राहतं. आणि या दोन शब्दांच्या मधोमध भगवंतांनी तिसरा शब्द ठेवलाय : विषादी. म्हणजे आतून खचलेला.

आमच्या लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी एक चक्कर मारा, हे दिसेल. मराठवाड्याच्या गावागावांतून आलेली पोरं-पोरी, छोटीशी रूम, मेसचा डबा आणि डोक्यात एकच शब्द : नीट. ही पोरं आळशी आहेत असं कोण म्हणेल? तरी प्रत्येकाचा एखादा धडा असतो, जो महिनोन् महिने उघडलेला नसतो. त्या धड्याची भीती असते. "हा नीट बसून करू," असं म्हणत म्हणत नीटचाच अभ्यास मागं पडतो. बॅकलॉग वाढला की मन खचतं, मन खचलं की हात मोबाईलकडं जातो, आणि रात्री स्वतःचाच राग येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

माझ्या आजीची नजर अधू झाली तेव्हा मी नोकरीसाठी पुण्यात होतो. तिची ज्ञानेश्वरी वाचायची राहायला लागली. एकदा फोनवर म्हणाली, "रोज पाच ओव्या वाचून दाखव की रे." मी म्हणालो, "आजी, फोनवर काय मजा? दिवाळीला येतो, तेव्हा अख्खा अध्याय वाचू." ती म्हणाली, "पाचच म्हणलं मी. अख्खी पोथी कुठं मागितली?"

त्या दिवाळीला मला दोनच दिवस सुट्टी मिळाली. अध्याय राहिला. पुढच्या दिवाळीपर्यंत तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. मी शेजारी बसून मोठ्यानं वाचत होतो आणि ती माझ्या ओठांकडं बघून मान हलवत होती. पाच ओव्यांना किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. तेवढ्या वेळात मी रोज निदान चार रील तरी बघत होतो.

नंतर विचार केल्यावर कळलं, 'अख्खा अध्याय वाचू' हे मी आजीसाठी म्हटलंच नव्हतं. ते मी माझ्यासाठी म्हटलं होतं. मोठा संकल्प केला की न करताच केल्याचं समाधान मिळतं. पाच ओव्यांत कसला मोठेपणा? त्यात नुसतं करणंच असतं. चालढकलीत भीती असते तसा एक अहंकारही लपलेला असतो : करीन तर मोठंच करीन.

कुणी म्हणेल, थांबणं नेहमीच वाईट असतं का? नाही. महाभारतात शांतिपर्वात चिरकारीची कथा आहे. गौतमांनी रागाच्या भरात त्याला आईचा वध करायला सांगितलं आणि ते निघून गेले. चिरकारी विचार करत राहिला. तेवढ्यात गौतमांचा राग उतरला, ते पश्चात्तापानं परत आले, तर आई सुखरूप! बापानं मुलाच्या दिरंगाईचं कौतुक केलं. म्हणजे रागात पाठवायचा मेसेज असेल, कुणाला तोडून बोलायचं असेल, तर खुशाल दीर्घसूत्री व्हा. चांगलं काम मात्र टाळताना आपण चिरकारीसारखे विचार करत नसतो. आपण फक्त नजर चुकवत असतो.

मग उपाय काय? दुसऱ्या अध्यायाच्या 40 व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला फार मोठा दिलासा देतात. या मार्गावर सुरुवात केली की ती वाया जात नाही, आणि थोडंसं केलेलंही मोठ्या भयातून सोडवतं. थोडंसंही! भगवंत आधी अख्खा अध्याय मागत नाहीत.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या शेजारी अंबाजोगाईला दासोपंत होऊन गेले. 1551 साली जन्मलेले हे दत्तभक्त. गीतेवरची त्यांची टीका 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांची, असं परंपरा सांगते. आणि त्यांच्याबद्दल एक आख्यायिका आहे : ते रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवायचे. ढब्बू म्हणजे जुना तांब्याचा जाड पैसा. 'आज गीतार्णव लिहायचा' असं म्हणून कुणी बसूच शकणार नाही, छाती दडपून जाईल. पण 'आजची शाई संपवायची' एवढं म्हणता येतं. त्यांची पासोडीही प्रसिद्ध आहे. सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओव्यांत लिहिला. दीर्घसूत्रीचा धागाही लांब आणि पासोडीचाही लांब. एक नुसता लोंबत राहतो, दुसऱ्याचं रोज थोडं थोडं वस्त्र होतं.

लातूर पॅटर्नचं गुपित काय, असं बाहेरचे लोक विचारतात. गुपित कसलं? आजचा भाग आज, आणि सराव परीक्षा पुन्हा पुन्हा. तीही शाईच आहे.

आपली 'ढब्बूभर शाई' ठरवताना मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली : नियम इतका छोटा ठेवा की तापातसुद्धा मोडणार नाही. पाच ओव्या, एक गणित, धड्याचं एक पान.

दुसरी : तो आधीच्या सवयीला बांधा. अंघोळ झाली की देवासमोर दिवा, दिवा लागला की पाच ओव्या. वेळ शोधत बसायची गरजच उरत नाही.

तिसरी, आणि मला सगळ्यात अवघड गेलेली : एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. तेवढंच करा. दुप्पट करायला गेलं की तो जुना 'मोठंच करीन' परत येतो. चुकलेला दिवस देवाच्या पायाशी ठेवा आणि पुढं व्हा.

मी आता रोज रात्री पाच ओव्या वाचतो. आजी गावाकडं लवकर झोपलेली असते, तिला ऐकूही येत नाही. तरी मोठ्यानं वाचतो. उशीर झाला, हे खरं आहे. वाचणं थांबवायला ते कारण पुरत नाही.

आजचा नियम : जे काम मनात सगळ्यात जास्त दिवस पडून आहे, त्याची दोनच मिनिटं आज करा. आणि ते काम म्हणजे कुणाला करायचा फोन असेल, तर हे वाचून झाल्या झाल्या लावा.

जय हरी!