कर भरला कुठे, कमावला कुठे?

मुंबई देशाला पोसते, हे वाक्य महाराष्ट्रात इतके मुरले आहे की त्याचा हिशेब मागण्याच्या फंदात कुणी पडत नाही. देशातल्या प्रत्यक्ष करांची एक तृतीयांशाहून अधिक वसुली महाराष्ट्राच्या नावावर जमा होते, तर पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या वाट्यातून महाराष्ट्राला दिले ६.३१७ टक्के. उत्तर प्रदेशला १७.९३९, बिहारला १०.०५८. हे आकडे शेजारीशेजारी मांडले की भाषणाला आणखी काही लागत नाही. टाळ्या ठरलेल्याच.

पण पहिला आकडा तयार कसा होतो? टाटा स्टीलचे नोंदणीकृत कार्यालय फोर्टमधल्या बॉम्बे हाउसमध्ये आहे. भट्ट्या जमशेदपूरला आणि ओडिशातल्या कलिंगनगरला, लोहखनिज नोआमुंडीच्या खाणीतले. प्राप्तिकराच्या विवरणपत्रावर मात्र पत्ता मुंबईचा. स्टेट बँक आणि आयुर्विमा महामंडळ यांचेही तेच. दरभंग्याच्या शाखेतल्या ठेवी आणि झाशीच्या शिक्षकाने भरलेला विम्याचा हप्ता यांतून झालेल्या नफ्यावरचा कर मुंबईच्या खात्यात दिसतो. न्हावाशेवा बंदरात गोळा झालेले सीमाशुल्क शेवटी इंदूरच्या नाहीतर लुधियानाच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून निघते. कर कुठे भरला हे सरकारी तक्ता सांगतो; कमाई कुठे झाली, हे त्यात सापडत नाही.

इतिहासही सोयीपुरता आठवून चालत नाही. १९५६ पासून भाडे-समानीकरणाच्या धोरणाने पोलादाचा दर देशभर एकच ठेवला. खाणी आणि भट्ट्या दाराशी असण्याचा तेव्हाच्या बिहारचा स्वाभाविक फायदा त्याने पुसून टाकला; मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी उद्योगांना पोलाद जमशेदपूरच्याच भावात मिळू लागले. हे धोरण गुंडाळायला नव्वदचे दशक उजाडले. महाराष्ट्राची भरभराट केवळ यातून झाली, असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. मात्र ‘आम्ही कमावतो, ते खातात’ असे म्हणणाऱ्याने तेवढी साडेतीन दशकेही खतावणीत धरावीत.

मग राज्यांची तक्रार खोटी का? नाही. चौदाव्या वित्त आयोगात कर्नाटकाचा वाटा ४.७१३ टक्के होता, पंधराव्यात तो ३.६४७ वर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या आपले मंत्री-आमदार घेऊन जंतरमंतरवर बसले, ते उगाच नव्हे. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात उत्पन्नातील तफावतीला ४५ टक्के वजन होते आणि कर गोळा करण्याच्या प्रयत्नाला फक्त अडीच. गरीब राज्याला झुकते माप देणे हेच वित्त आयोगाचे काम. पण चांगल्या कारभाराची किंमत अडीच टक्के ठरवणे म्हणजे तोंडाला पाने पुसणे झाले.

तरीही राज्यांचे खरे भांडण बिहारशी नाही. केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतले ४१ टक्के राज्यांचे. आणि उपकर व अधिभार या निधीत येतच नाहीत. पेट्रोलचे उदाहरण घ्यावे. मे २०२२ च्या कपातीनंतर लिटरमागे केंद्राचा कर १९ रुपये ९० पैसे उरला. त्यातले मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे, आणि राज्यांना वाटा मिळाला तो एवढ्यातूनच. बाकीचे साडेअठरा रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते उपकर, कृषी उपकर अशा नावांनी दिल्लीतच राहिले. केंद्राच्या सकल करउत्पन्नातला उपकर-अधिभाराचा हिस्सा २०११-१२ मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होता, २०२०-२१ पर्यंत तो वीसच्या घरात गेला. पाटण्याचे आणि मुंबईचे नुकसान इथे एकाच जातीचे आहे. पण बिहारला नावे ठेवण्यात जी गंमत आहे, ती अधिभारावर बोलण्यात नाही.

श्रीमंत भागाने गरीब भागासाठी पैसे मोजावेत, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. राज्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी व्यवसाय कराची ओळ असते. वर्षाचे अडीच हजार. १९७५ चा हा कायदा रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना हक्काचे काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांची, तिच्या खर्चातला मोठा भार शहरातल्या पगारदारांनी उचलला. तेव्हा दादर-अंधेरीच्या कारकुनाने, आपला कर बीड-उस्मानाबादला का, असा मोर्चा काढला नाही.

उलट, दिल्लीसमोर मांडला जाणारा युक्तिवाद नागपूरहूनही मुंबईवर उलटवता येतो. चंद्रपूर-कोराडीत कोळसा जळतो, राख तिथेच पडते, वीज राज्यभर जाते. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे वचन दिले. तीस वर्षांनी नेमलेल्या दांडेकर समितीला १९८४ मध्ये अनुशेषाची रक्कम मोजावी लागली, ती तीन हजार कोटींच्या वर निघाली. २०१३ मध्ये केळकर समितीनेही समतोलाचाच प्रश्न पुन्हा हाताळला. पुढे ३० एप्रिल २०२० रोजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची मुदत संपली, आणि ती वेळेवर वाढवण्याची तसदी कुणी घेतली नाही.

महाराष्ट्राने दिल्लीत जरूर भांडावे, पण बिहारच्या टक्क्यांवर बोट ठेवून नव्हे. उपकर आणि अधिभारावर घटनेतच मर्यादा घाला, ही मागणी पाटणा, बंगळूर आणि मुंबई यांनी एकत्र करण्यासारखी आहे. आणि ती करायला निघण्यापूर्वी मुंबईने स्वतःच्या अर्थसंकल्पात जिल्हावार जमा-खर्चाचा तक्ता छापावा. गडचिरोली आणि हिंगोलीच्या आमदारांनी तो विधिमंडळात मागून घ्यावा.