हॅरल्डचा गाडा

लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात घोडागाडी घेऊन दारोदार भंगार गोळा करणारे बापलेक: म्हातारा अल्बर्ट स्टेप्टो आणि पस्तिशी उलटूनही पोरगाच राहिलेला हॅरल्ड. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन यांनी १९६२ साली बीबीसीसाठी लिहिलेल्या ‘द ऑफर’मध्ये हॅरल्ड घर सोडायला निघतो. सगळा पसारा गाड्यावर चढवतो. बाप घोडा द्यायला नकार देतो. मग हॅरल्ड स्वतःच गाडा ओढू लागतो. गाडा तसूभर हलत नाही आणि तो ढसाढसा रडतो. बाप त्याला चुचकारत घरात नेतो. विनोदी मालिकेची ही सुरुवात! ‘स्टेप्टो अँड सन’ यातूनच उभी राहिली आणि मध्ये खंड पडूनही १९७४ पर्यंत चालली.

‘तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना’ म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. माया असेलही, तरी हॅरल्डला बांधून ठेवतो तो धंदा. नोकराला राजीनामा देता येतो. बापाच्या धंद्यातल्या मुलानं तो कुणाकडे द्यायचा? त्याच्या नावावर असतो तो वाटा, आणि तोही बापाच्या माघारी मिळणारा. हॅरल्ड हात हलवत फाटकाबाहेर पडला असता तर म्हातारा काय करणार होता? पण इतकी वर्षं राबल्यावर रिकाम्या हाती पाय निघत नाही, आणि भरला गाडा ओढवत नाही.

म्हातारा लबाड आहे आणि ओंगळही. एका भागात तो शेकोटीपुढे पत्र्याच्या टबात बसून व्हिनेगरमधले कांदे खातो. पाण्यात पडलेले कांदे वेचून पुन्हा बरणीत टाकतो. त्याच खोलीत हॅरल्डची मैत्रीण येणार असते! हसून पुरेवाट होते. पण असा बाप हॅरल्डच्या सोयीचाही आहे. त्याला पुस्तकांची, उंची संगीताची हौस. संधी मिळाली असती तर आपण कुणीतरी झालो असतो, ही खात्री. बाप आडवा आहे तोवर ती खात्री तपासून बघावी लागत नाही. १९७२ च्या एका भागात हॅरल्ड घराची मधोमध वाटणी करतो, जाण्यायेण्याला फिरतं फाटकसुद्धा बसवतो. भाऊबंदकीत मुरलेल्या आपल्या मंडळींनाही हे सुचलं नसतं. पण वाटणी करून राहायचं पुन्हा तिथंच.

त्याच वर्षी अमेरिकेत या मालिकेवर बेतलेली ‘सॅनफर्ड अँड सन’ सुरू झाली. लॉस एंजेलिसच्या वॉट्समधला तिच्यातला बाप फ्रेड अडचण आली की छाती धरून दिवंगत बायकोला हाक मारतो, ‘आलोच’ म्हणतो. तिथं हसू मोकळं आहे, कोंडी तेवढी जाणवत नाही.

१९७४ च्या शेवटच्या नाताळ भागात हॅरल्ड बापाला युक्तीनं एकट्यालाच परदेशी सहलीला धाडतो आणि स्वतः मैत्रिणीबरोबर निघतो. बारा वर्षांत त्याची मजल गेली ती एका सुट्टीपर्यंत, आणि तीही चोरून.