वजनाचा भागाकार

लांब पल्ल्याच्या धावपटूची क्षमता मोजताना एक भागाकार करतात. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हा अंश आणि किलोतलं वजन हा छेद. छेद घटला की उत्तर वाढतं. म्हणजे ‘हलका तो वेगवान’ ही निव्वळ अंधश्रद्धा नव्हे. वजन उतरवून काहीच साधत नसतं, तर नैतिक प्रश्नच उरला नसता.

अमेरिकेची मेरी केन 2013 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत 1500 मीटरची अंतिम फेरी धावली. 2019मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं, की पुढे तिला 114 पौंडांचं, म्हणजे साधारण 52 किलोंचं लक्ष्य देण्यात आलं. तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली. अपायकारक वजनाचा आग्रह आपण कधीच धरला नाही, असं तिच्या प्रशिक्षकांचं म्हणणं.

खर्चाच्या मानानं अन्न सतत कमी पडलं की शरीर काटकसर करू लागतं. पाळी थांबते, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटतं, हाडांची डागडुजी मागे पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. अशा वेळी छेदाबरोबर अंशही घसरू लागतो.

अ‍ॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात मायलो या मल्लाचा दाखला दिला आहे. दहा माप अन्न जास्त आणि दोन कमी, म्हणून सहा योग्य असं ठरत नाही. तेवढं मायलोला अपुरं आणि नवशिक्याला जड. योग्य प्रमाण ज्याचं त्याच्या सापेक्ष असतं. सर्वांना एकच आकडा लावणारा प्रशिक्षक नेमकं हेच विसरतो.

पण खेळाडू सज्ञान असेल आणि स्वतःच म्हणाली, ‘मला चालेल,’ तर? झीज तर प्रत्येक खेळात असतेच. मात्र हाडांची पुंजी मुख्यतः तिशीच्या आत साठते. विशीतली धावपटू जे खर्च करते, ते साठीतल्या बाईच्या खात्यातलं असतं, आणि त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. शिवाय संघातली जागा वजनावर टिकून असेल, तर त्या होकाराला होकार म्हणणंही कठीण.

म्हणून स्पर्धेचं वजन आधी ठरवू नये. पोटभर खाऊन, नीट झोपून, पाळी नियमित राहून, सराव पेलत जे वजन स्थिरावेल, ते त्या खेळाडूचं वजन. ते कदाचित पदक देणार नाही. ती शक्यता मान्य करण्याची तयारी खेळाडूइतकीच प्रशिक्षकाची आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपलीही हवी.