देवाला आवडणारे माप

देवाला संतोषविण्यासाठी आम्ही काय करावे, हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पुष्कळदा विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते: उपासनेस नेमाने यावे, प्रार्थना अधिक करावी, दान सढळ हाताने द्यावे. हे उत्तर चुकीचे आहे असे आमच्याने म्हणवणार नाही. परंतु ते अपुरे आहे. रविवारी ह्या तीनही गोष्टी यथासांग पार पाडून मनुष्य सोमवारी पहाटे दुधाची किटली घेऊन निघतो, तेव्हा त्याने काय करावे हे त्यात आलेच नाही.

नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचा आरंभ वाचकांनी काढून पाहावा. देवाला वीट कशाचा येतो आणि संतोष कशाने होतो, हे सांगताना तेथे यज्ञबलीचे नाव नाही. तराजूचे व वजनाचे आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात पवित्र होण्याची आज्ञा आहे, शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी धान्याचे व तेलाचे माप खरे ठेवण्याचीही आहे. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात तर थैलीत दोन प्रकारची वजने बाळगण्याचीच मनाई केली आहे. एक घेण्याचे, दुसरे देण्याचे. पायली-शेराच्या काळी आमच्याकडेही हे चालत असे. उसने घेताना शीग, परत करताना सपाट! १९५६ च्या कायद्याने किलो व लिटर आले, आणि आता दुकानोदुकानी विजेचे काटे आहेत; तरी दोन मापांची खोड सुटली असे आम्हांस दिसत नाही.

आमोसाच्या आठव्या अध्यायातील व्यापारी ह्या बाबतीत विचार करण्याजोगे आहेत. त्यांनी शब्बाथ मोडला असे संदेष्टा म्हणत नाही. दुकाने बंदच होती. पण हा दिवस केव्हा एकदा सरतो आणि लहान मापाने धान्य विकावयास आम्ही केव्हा मोकळे होतो, ह्याचीच त्यांना तळमळ लागली होती. (उपासनेत बसून घड्याळाकडे पाहणाऱ्यांनी, त्यांत आम्हीही आलो, हा अध्याय एकदा सावकाश वाचावा.) केडगावास पंडिता रमाबाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर केले, ते १९२४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच मुक्तिसदनात मुलींस विणकाम, शेतीकाम व छपाई शिकविली जाई. तेथे प्रार्थना एकीकडे आणि काम दुसरीकडे अशी वाटणी नव्हती.

आता दुधाकडे वळू. संकलन केंद्रावर यंत्र फॅट मोजते, लॅक्टोमीटर पाणी दाखवितो, आणि त्याप्रमाणे भाव ठरतो. तेथे चोख दूध घालणे हा शहाणपणा आहे. त्याला आम्ही अद्याप धार्मिकता म्हणत नाही. परंतु घरोघरी रतीब घालताना यंत्र नसते. तेथे शेर-अर्धा शेर पाणी मिसळले तर ते मिसळणाऱ्यास आणि देवासच ठाऊक. दूध पिणारे बहुधा शेजारचे तान्हे लेकरू.

ह्यावर कोणी म्हणेल, "पोट भरलेल्याने हा उपदेश करणे सोपे आहे." हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. एका म्हशीवर घर चालविणाऱ्या विधवेस रोजचे अर्धा लिटर पाणी म्हणजे महिन्याला पंधरा लिटरांचे पैसे. त्यात पोराची वह्या-पुस्तके येतात, पेंडीचे पोते येते. ती पाणी मिसळीत नाही, तेव्हा हे सर्व ती खरोखर सोडून देते. असे असताना, तिच्याच मंडळीतील जी घरे तिच्याशी भावावरून घासाघीस करतात आणि रतीबाचे पैसे दोन-दोन महिने थकवितात, त्यांच्या थैलीत कोणते वजन आहे? मजुराची मजुरी रात्रभरही ठेवून घेऊ नये, हेही लेवीयाच्या त्याच अध्यायात आहे. खुरपणीच्या बायांस "बाजारच्या दिवशी या" म्हणून परतविणाऱ्या बागाईतदार बंधूंनी ते वाचले असेलच. खोटे माप नेहमी विकणाराच्याच हातात असते असे नाही. आणि त्या बाईला एकटीला प्रामाणिकपणाचा उपदेश करून आम्ही आपले देणे विसरलो, तर तो उपदेश न केलेला बरा.

अशा पैशांतून पिशवीत दशांश टाकला की हिशेब चुकता झाला, असे समजणारेही आहेत. देवाला पाण्याचा दशांश नको आहे. जक्कयाच्या घरी प्रभू उतरला, तेव्हा जक्कयाने प्रथम उभे राहून आपला हिशेब सांगितला: दरिद्र्यांस किती, आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांस किती पट. त्या घरास तारण प्राप्त झाल्याचे प्रभूने सांगितले, ते त्यानंतर.

ह्या महिन्याची अखेर जवळ आली आहे. रतीबाची वही पुष्कळांच्या घरी खुंटीला टांगलेली असते. ती ह्या शनिवारी खाली काढावी, आणि दूध घालणाऱ्या बाईस घरी बोलावून, तिच्यासमोर, मागील बाकीसकट वाचावी.