‘चालतें’ आणि ‘दुरुस्त झालें’

दुरुस्तीला दिलेली वस्तु मालकाच्या परीक्षेस उतरली, म्हणजे कारागिराचें कर्तव्य संपतें काय? प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. परंतु त्याचें मूळ नीतिविचारांत आहे. बिनतारी माईकच्या अँटेनेसारख्या क्षुद्र वस्तूच्या उदाहरणानें तो चांगला उमगतो.

नाटकांतील नट किंवा सभेंतील वक्ता कमरेला जी लहानशी डबी लावतो, तिच्यांतून बहुधा वीतभरहि नसलेली एक तार लोंबत असते. त्याचा आवाज लहरींच्या रूपानें अवकाशांत सोडण्याचें काम तिचें. वारंवार वांकून ती बुडाशीं तुटते. हाताशीं असेल तो तारेचा तुकडा तेथें डाख देऊन जोडला, कीं पाहणाऱ्यास ती पूर्ववत् दिसते.

परंतु या तारेची लांबी कारागिराच्या मर्जीवर नसते. बिनतारी लहर सेकंदाला सुमारें ३० कोटी मीटर धांवते. यंत्र सेकंदाला ६० कोटी आंदोलनांवर चालत असेल, तर लहरीची लांबी ५० सेंटिमीटर होते. तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे १२.५ सेंटिमीटरांची तार तिला अनुरूप. प्रत्यक्षांत ती किंचित् आखूडच ठेवावी लागते. हें माप चुकलें, कीं लहर क्षीण होऊन बाहेर पडते.

आतां मौज अशी, कीं चुकीच्या मापाची तारहि दुकानांत उत्तम चालते. माईक आणि ग्रहणयंत्र यांमध्यें तेथें चार हातांचें अंतर. तेवढ्यास क्षीण लहरहि पुरते. गिऱ्हाईक ‘एक, दोन, तीन’ म्हणतें, आवाज उमटतो, पैसे चुकते होतात. दोष उघड होतो तो भरल्या सभागृहांत. तेथें ग्रहणयंत्र पुष्कळदां दूर असतें आणि मध्यें माणसांची दाटी असते. शब्द तुटूं लागतात. श्रोत्यांना तार दिसत नाहीं; अडखळणारा वक्ता तेवढा दिसतो, आणि त्यालाच ते हंसतात.

येथें कारागीर खोटें बोलला काय? शब्दानें नाहीं. परीक्षा मात्र त्यानें अशा जागीं घेतली, जेथें नापास होण्याचा संभवच नव्हता. असत्याचा हा प्रकार सभ्य समाजांत फार रुळला आहे. केवळ परीक्षेपुरता विद्यार्थी घडवणारा शिक्षक याच वाटेनें जातो.

कोणी म्हणेल, कार्यक्रम आज संध्याकाळीं आहे, पदरीं पैसा थोडा आहे. अशा वेळीं निर्दोष दुरुस्तीचा आग्रह ही चैन नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. तात्पुरता जोड देण्यांत पाप नाहीं. ‘हा जोड आजपुरता, ग्रहणयंत्र जवळ ठेवा’, एवढें सांगितलें कीं तें काम प्रामाणिक होतें. डबीच्या आंतील भागच उखडला असेल, तर ‘हें माझ्यानें होणार नाहीं’ असें सांगणें हीहि गिऱ्हाइकाची सेवाच. काम ओबडधोबड असलें तरी चालेल. त्याची मर्यादा लपवूं नये.

‘जें दिसतच नाहीं, त्याची जबाबदारी कशी घ्यावी?’ ही सबबहि टिकत नाहीं. हाइन्रिख हर्ट्झ यानें १८८८ च्या सुमारास कार्ल्सरूह येथें डोळ्यांस न दिसणाऱ्या याच लहरींची लांबी मोजून दाखवली. आज तर यंत्राची वारंवारता त्याच्यावर पुष्कळदां छापलेलीच असते. ती वाचून फूटपट्टी लावणें कोणासहि जमेल. जोड दिल्यावर माईक घेऊन मोकळ्या रस्त्यावर पन्नास पावलें चालून पाहण्यास तर फूटपट्टीहि लागत नाहीं.

तीं पन्नास पावलें चालण्याचा मोबदला कारागिरास कोणी देत नाहीं, आणि तीं तो चालला नाहीं हें कोणास कळतहि नाहीं. तरीहि सभागृहांत उभ्या राहणाऱ्या त्या अनोळखी माणसाचा शब्द त्या वेळीं कारागिराच्याच हातीं असतो. तो शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोंचेल, याची खात्री करून घेणें हेंच त्याचें खरें कर्तव्य होय.